शब्दाआधीची चांदणी

छापील पानावर शब्दाला चांदणी लावलेली दिसली की नजर आपोआप पानाच्या तळाशी जाते. तिथे टीप असणार, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी रशियन व्युत्पत्तिकोशात मी ‘यास्त्रेब’ हा एका शिकारी पक्ष्याच्या नावाचा शब्द काढला, तेव्हा माझी नजरही तशीच खाली गेली. तळाशी काही नव्हतं. पान उलटलं, पुस्तकाचा शेवट पाहिला, कुठेच टीप नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्या रशियनच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, ही टिपेची चांदणी नाही. हा शब्द कुणी कुठे लिहिलेला सापडलेला नाही, एवढंच ती सांगते.”

तो कोश माक्स फास्मर यांचा. मूळ जर्मन, १९५० ते १९५८ या काळात छापलेला. त्याचं रशियन भाषांतर ओलेग त्रुबाचोव यांनी चार खंडांत केलं. माझ्याकडे त्यातला फक्त चौथा खंड आहे, १९७३ सालचा, रद्दीच्या दुकानात मिळालेला. रशियन वर्णमालेत ‘या’ हे अक्षर सगळ्यात शेवटी येतं, म्हणून यास्त्रेब माझ्या वाट्याला आला. फास्मर बर्लिनमध्ये या कोशासाठी टिपणं जमवत होते, आणि जानेवारी १९४४ मध्ये त्यांच्या घरावर बॉम्ब पडला. ग्रंथसंग्रह गेला, टिपणांची कार्डं गेली. त्यानंतर या माणसाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तो खंड हातात घेतला की हे आठवतंच, आणि मग एखाद्या नोंदीत ‘अनिश्चित’ एवढंच लिहिलेलं असलं तरी त्या शब्दाबद्दल आदर वाटतो. सगळं जळून गेल्यावर पुन्हा बसून ज्याने ‘अनिश्चित’ लिहिलं, त्याने ते सहज लिहिलेलं नसणार.

ही चांदणी काय करते, ते मला माझ्याच भाषेतून कळलं. आपण ‘हात’ म्हणतो, बंगालीतही हात, हिंदी-गुजरातीत हाथ, पंजाबीत हत्थ. या सगळ्यांच्या मागे ‘हस्त’ आहे, आणि तो आपल्याला शोधावा लागत नाही. तो ऋग्वेदापासून आहेच. आता समजा, संस्कृतची आणि प्राकृतांची एक ओळही मागे उरली नसती. मग हात, हाथ, हत्थ शेजारी मांडून, कुठल्या भाषेत कुठला ध्वनी कसा बदलतो याचे नियम बसवून, मूळ रूप आपल्याला बांधावं लागलं असतं. आणि ते बांधलेलं आहे, मिळालेलं नाही, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून त्याआधी चांदणी लावावी लागली असती. स्लाव भाषांची गत नेमकी हीच आहे. सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ साली मोराव्हियात गेले आणि त्यांच्या कामातून स्लाव भाषेला लिपी मिळाली. त्याआधीचं काहीही लिहिलेलं नाही. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या सगळ्यांची जी आई, ती एक ओळही न लिहिता गेली. अशा रूपांना चांदणी लावण्याची रीत रूढ केली ती आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याच श्लायखरने पुढे १८६८ मध्ये, जी भाषा कुणी कधी लिहिली नाही त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव या सगळ्यांच्या आजीत, मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टही रचली. हा उत्साह मला आवडतो, पण माझा विश्वास त्याच्या गोष्टीपेक्षा त्याच्या चांदणीवर जास्त आहे.

यास्त्रेब म्हणजे शिक्र्याच्या जातीचा शिकारी पक्षी. सर्बियन आणि बल्गेरियनमध्येही यास्त्रेबच. चेकमध्ये ‘येस्त्राब’च्या जवळ जाणारा उच्चार, पण त्यातला ‘र’ असा की जीभ थरथरते आणि त्याच वेळी ‘श’ही घासून जातो. मला तो आजवर नीट जमलेला नाही. पोलिशमध्ये ‘यास्त्शोंप’, आणि विभक्ती लागली की ‘यास्त्शेंब-’. पोलिशमधला हा नाकातला आवाज बाकीच्यांनी टाकून दिलाय. पोलिश लोक तो अजून लिहितात, अक्षराच्या पायाशी एक छोटी शेपटी काढून. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत ‘मीं’, ‘तें’, ‘झालें’ यांवर अनुस्वार असायचे, ते १९६२ च्या लेखननियमांनी गेले. पण कोकणी माणूस बोलायला लागला की ते नाकातले स्वर अजून ऐकू येतात. एका बोलीने टाकलेलं दुसरीने जपून ठेवलेलं असतं, आणि मूळ रूप बांधायचं तर अशा जपणारीकडेच जावं लागतं. चर्चच्या जुन्या स्लाव हस्तलिखितांत आणि पोलिशमध्ये नाकातला स्वर आहे, म्हणून आईच्या रूपातही तो होता असं ठरलं. ते रूप साधारण असं: *आस्त्रेंबु. शेवटचा ‘उ’ इतका आखूड की पुढे तो बोलण्यातून पार गेला.

इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो त्याच्याही मागे काय होतं याचा.

इतकी वर्षं हा शब्द माझ्या वहीत पडून होता. गेल्या वर्षी तो पुन्हा वर आला, कारण मुलांच्या एका मासिकासाठी मी रशियन गोष्ट मराठीत आणत होते. वनरक्षकाचा मुलगा आणि त्याचं रान, अशी साधी गोष्ट. त्यात एका पानावर ‘यास्त्रेब’ होता आणि पुढच्याच पानावर ‘सोकोल’. मी दोन्हीकडे ‘ससाणा’ लिहून पुढे गेले आणि तिसऱ्या पानावर अडकले, कारण तिथे मुलगा म्हणतो की हा यास्त्रेब आहे, सोकोल नाही. ‘हा ससाणा आहे, ससाणा नाही’ असं तर लिहिता येत नाही.

त्याच दिवसांत आमच्या इमारतीसमोरच्या गुलमोहरावर शिक्र्याची जोडी आली होती. पुण्यात हे नवल नाही. जुन्या झाडांच्या गल्ल्यांमधून शिक्रे घरटी करतात. दुपारी तीनच्या सुमारास मी बाल्कनीत कपडे काढत होते आणि खार ओरडायला लागली. नेहमीची किलबिल नव्हे. चिक्, चिक्, चिक्, एका लयीत, शेपटी प्रत्येक चिक्‌बरोबर झटकत. तिची नजर कुठे आहे ते बघायला मी मान वळवली, तेवढ्यात माझ्यासमोरून राखाडी काहीतरी गेलं. पक्षी दिसला असं म्हणता येणार नाही. हवा फाटल्यासारखी झाली आणि समोरच्या पत्र्यावर काहीतरी आपटलं. मग शांतता, आणि मग तो दिसला. कंपाउंडच्या भिंतीवर बसलेला नर, पाठ राखेच्या रंगाची, छातीवर विटकरी आडव्या रेघा, डोळा गडद लाल. पायाखाली सरडा. पुढची वीस मिनिटं तो जेवत होता. इतका सावकाश, इतका नीट, की मघाशी माझ्यासमोरून गेलेला तो हाच, हे पटवून घ्यावं लागलं. एक तुकडा तोडायचा, मान वर करून इकडेतिकडे बघायचं, मग दुसरा. शेवटी चोच भिंतीच्या कडेला घासली, एकदा या बाजूने, एकदा त्या.

मी कपडे खांद्यावर तसेच टाकून उभी होते आणि डोक्यात फास्मरची नोंद फिरत होती. कारण या शब्दाबद्दल अभ्यासकांचे जे दोन मोठे तर्क आहेत, ते दोन्ही मी नुकतेच पाहिले होते, एकामागोमाग एक.

पहिला तर्क ‘वेगाने उडणारा’ असा. संस्कृतात ‘आशु’ म्हणजे शीघ्र. ग्रीकमध्ये त्याचाच भाऊ ‘ओकुस’. ‘पत्’ म्हणजे उडणं, त्यातून आपलं पत्र म्हणजे पंख, तिकडे ग्रीक ‘प्तेरोन’. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, सव्विसाव्या सूक्तात, सोम घेऊन येणाऱ्या श्येनाला ‘आशुपत्वा’ म्हटलंय. होमरच्या इलियडमध्ये तेराव्या सर्गात समुद्रदेव पोसायडन झेपावून जातो तो ससाण्यासारखा, आणि तिथे ससाण्याचं विशेषण आहे ‘ओकुप्तेरोस’. हजारो मैलांवरच्या दोन कवींनी एकाच पक्ष्याला, एकाच जुन्या सामानातून घडवलेलं विशेषण लावावं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून घरभर फिरले होते. अशाच शिकारी पक्ष्याचा लॅटिन शब्द ‘अ‍ॅक्सिपिटर’, तोही याच घडणीचा मानतात. पुढे रोमन लोकांना त्यातला ‘आशु’ ओळखू येईना, तेव्हा त्यांनी तो ‘घेणे’ या त्यांच्या क्रियापदाशी जोडला. झडप घालून घेतो तो अ‍ॅक्सिपिटर, असा नवा अर्थ बसला. बोलण्यात त्याचं ‘अक्सेप्तोर’ झालं, आणि त्यातून पोर्तुगीज ‘असोर’ आला.

मग *आस्त्रेंबु याच रांगेतला का नसावा? सुरुवातीचा ‘आस्’ म्हणजे आशु, कारण आपला ‘श’ स्लावमध्ये ‘स’ होतो: शत तसं स्तो. आणि ‘स्त्र’ म्हणजे पंखातला ‘प्त्र’. स्लावमध्ये ‘प्त’चा ‘स्त’ होत असे, असा एक प्रस्ताव आहे. त्याचा आधार काकाच्या नावात आहे. पोलिशमध्ये वडिलांच्या भावाला ‘स्त्रिय’ म्हणतात, आणि तो आपल्या पितृव्याचा सख्खा मानला तर ‘पित्र’मधला ‘प’ आखडून ‘स्त्र’ झाला असं धरावं लागतं. शेवटचा ‘एंब’ हा प्रत्यय पक्ष्यांच्या नावांना लागतोच. पोलिशमधलं कबुतर ‘गोवोंप’, त्यातही तोच.

मन या तर्काकडे ओढतं, ऋग्वेदामुळे तर फारच. पण एक गोष्ट मला टोचते. ‘आशु’मधला ‘उ’ कुठे गेला? स्लावमध्ये तो आखूड होऊन का होईना, काही काळ तरी उरायला हवा होता.

दुसरा तर्क जेवणाचा. ‘यास्ति’ म्हणजे खाणं, आपल्या ‘अद्’ धातूचा भाऊ. ‘रेंबु’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा पक्षी, तित्तिराच्या कुळातला. रशियनमध्ये अजून ‘र्याब्चिक’ नावाचा रानपक्षी आहे, आणि प्रत्येक रशियन मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीतली सोन्याचं अंडं घालणारी कोंबडी ‘र्याबा’, म्हणजे ठिपकेवाली. तर यास्त्रेब म्हणजे तित्तिर खाणारा. शिकाऱ्याला त्याच्या भक्ष्यावरून ओळखण्याची ही सवय रशियनमध्ये आजही जिवंत आहे. मोठ्या यास्त्रेबाला ते ‘तेतेरेव्यात्निक’ म्हणतात, कारण तो तेतेरेव नावाचा रानपक्षी मारतो. या तेतेरेवमध्ये आपला तित्तिर ऐकू येतो की नाही? धाकट्याला ‘पेरेपेल्यात्निक’, लाव्यांचा कर्दनकाळ.

आणि आपल्याकडे? अमरकोशात श्येनाला दिलेला पर्याय आहे ‘शशादन’. शश म्हणजे ससा, अदन म्हणजे खाणं. ससा खाणारा. ‘ससाणा’ हा शब्द जरा हळू उच्चारून पाहा. श चा स होणं, मधला द गळून पडणं, न चा ण होणं, या मराठीच्या नेहमीच्या वाटा आहेत. ही माझी समजूत आहे, आणि माझ्या वहीत तिच्याआधी मी चांदणी काढून ठेवली आहे. पण तेव्हापासून ससाणा म्हणताना मला त्यातला ससा दिसल्याशिवाय राहत नाही.

इतकं जुळूनही हा दुसरा तर्क मला पटत नाही, आणि त्याचं कारण एक अस्वल आहे. रशियनमध्ये अस्वल म्हणजे ‘मेद्वेद’. मेद म्हणजे मधु, एद म्हणजे खाणारा. ऋग्वेदात पहिल्या मंडलात झाडावर बसलेल्या सुपर्णांना ‘मध्वद’ म्हटलंय, तोच समास, अक्षराला अक्षर. अस्वलाचं खरं नाव उच्चारायची भीती वाटायची म्हणून स्लावांनी हे वेगळं नाव घेतलं असं मानतात. आता या समासाचा क्रम बघा. आधी मध, मग खाणारा. शशादनातही आधी ससा, मग खाणारा. मग यास्त्रेबातच ‘खाणारा’ आधी आणि तित्तिर मागाहून, असं उलटं का व्हावं? ही घडण मला नंतर शब्दाकडे बघून सुचलेली वाटते, जशी रोमन लोकांना ‘घेणारा’ सुचली.

म्हणजे दोन्ही तर्कांना खोट आहे. पण त्या दुपारनंतर मी या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहायला लागले. *आस्त्रेंबु कशापासून आला, हे विचारणं म्हणजे ज्याने हे नाव ठेवलं त्याने पक्षी कुठल्या क्षणी पाहिला, हे विचारणं आहे. डोळ्यासमोरून हवा फाटली तेव्हा, की नंतरच्या वीस मिनिटांत? ऋग्वेदातल्या कवीने पहिला क्षण घेतला. शशादन म्हणणाऱ्याने दुसरा घेतला, आणि तो बहुतेक शेतातला किंवा रानातला माणूस असणार, ज्याने पंखांखालचा ससा जवळून पाहिला. आपला शिक्रा तर फारसीतल्या ‘शिकार’वरून आलेला, म्हणजे ते नाव हातावर पक्षी बसवून हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचं. पक्षी तोच, पण प्रत्येकाची उभं राहण्याची जागा वेगळी. स्लाव माणूस कुठे उभा होता, तेवढं दिसत नाही.

सोकोलची गोष्ट मला जास्त लागली, कारण तिथे मी स्वतः स्वप्न पाहिलं होतं. सोकोल म्हणजे खरा ससाणा, बहिरी ससाण्याच्या जातीचा. स्लाव लोकांचा लाडका पक्षी. रशियन लोकगीतांत शूर तरुण म्हणजे सोकोल, लाडाने हाक मारायची तीही सोकोल म्हणून, आणि १८६२ साली प्राग शहरात मिरोस्लाव तिर्श आणि इंद्रिख फ्युग्नर यांनी व्यायामशाळांची जी चळवळ उभी केली तिचं नावही सोकोल. शिकायला लागले त्या वर्षी मला वाटलं, हा तर आपला शकुन! संस्कृतात शकुन म्हणजे मुळात पक्षी, विशेषतः मोठा पक्षी. शकुन्त पक्ष्यांनी सांभाळली म्हणून ती शकुंतला. पक्षी कुठून कुठे उडाला यावरून पुढचं सांगायचे, म्हणून शकुनचा अर्थ आपल्याकडे हळूहळू पक्ष्यावरून सरकून त्याने सांगितलेल्या गोष्टीवर आला. आज आपण शुभशकुन, अपशकुन म्हणतो आणि त्यातला पक्षी केव्हाच उडून गेलेला असतो. तो पक्षी रशियात सोकोल होऊन बसलाय, या कल्पनेने मी आठवडाभर तरंगत होते. श-स जुळतंय, अ-ओ जुळतंय, क तर जसाच्या तसा.

मी एकटी नव्हते. हे नातं अभ्यासकांनीही सुचवलेलं आहे. पण त्याला लिथुआनियन आड येते. लिथुआनियन ही या कुटुंबातली फार जपणारी भाषा. आपला तालव्य श तिच्यात ‘श’च राहतो: शत ते ‘शिम्तास’, श्वान ते ‘शुओ’. ससाण्याला लिथुआनियनमध्ये म्हणतात ‘साकालास’. स ने सुरू होणारा. शकुनचा भाऊ असता तर तो ‘शाकालास’ हवा होता. तेव्हा एक तर लिथुआनियनांनी हा शब्द स्लाव शेजाऱ्यांकडून उचलला, किंवा सोकोलचा ‘स’ हा मुळातच ‘स’ आहे आणि शकुनशी त्याचा संबंध नाही. दुसरं खरं असेल तर तो ‘मागोवा घेणं, पाठलाग करणं’ या अर्थाच्या धातूकडे जाऊ शकतो, लिथुआनियन ‘सेक्ति’, आपला ‘सच्’. शिवाय ‘उन’ आणि ‘ओल’ हे प्रत्ययही एकमेकांशी बसत नाहीत. एका ‘स’मुळे माझा शकुन गेला. वाईट वाटलं, आजही थोडं वाटतं. पण एवढ्याशा ध्वनीला एवढं वजन देणारी ही विद्या आहे, म्हणूनच ती मला विश्वासाची वाटते.

आणि रशियन मुलगा बरोबर होता. यास्त्रेब आणि सोकोल हे वेगळेच. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला त्यात दिसलं की खरे ससाणे हे शिक्रे-गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे आहेत. पुढे २०२४ मध्ये पक्षीशास्त्रातला अ‍ॅक्सिपिटर हा शिक्र्यांचा जुना गटही फोडला गेला. युरोपातला मोठा यास्त्रेब आता ‘आस्तुर’ या नावाखाली गेलाय. हा आस्तुर चौथ्या शतकातल्या लॅटिनमध्ये भेटणारा शब्द, आणि *आस्त्रेंबुच्या शेजारी ठेवावा असा मोह कुणालाही व्हावा इतका सारखा. माझ्या गुलमोहरावरचा शिक्रा गेला ‘टॅकिस्पायझा’ या गटात, आणि त्यातला ‘टॅकिस’ म्हणजे ग्रीकमध्ये वेगवान. लॅटिन नाव गेलं, आशु परत आला.

गोष्टीत शेवटी मी सोकोलला ‘ससाणा’ ठेवलं आणि यास्त्रेबला ‘शिक्रा’. बर्चच्या रानात शिक्रा नसतो, हे मला माहीत आहे. पण कुळ तेच आहे, आणि मराठी मुलाला तो खिडकीतून दिसू शकतो. संपादकांना तसं पत्र लिहिलं. मग वहीतलं जुनं पान काढून *आस्त्रेंबुच्या खाली तारीख टाकली, आणि पुढे ‘उडताना की खाताना’ एवढंच लिहीत होते, तेवढ्यात बाहेर खारीने सुरू केलं. चिक्, चिक्, चिक्. पेन तसंच ठेवून मी बाल्कनीत गेले.